मराठी आणि जपानी वाक्यं इतकी सारखी का? सगळ्या भाषांच्या मुळाशी एकच साचा असतो का?

उगवती (पुणे)

मी पुण्यात जपानी शिकवते. एन-फाइव्ह आणि एन-फोरच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या पहिल्या दोन पातळ्यांच्या, बॅचेस असतात. मुलं बहुतेक इंजिनिअरिंगची, काही आयटीतली, आणि एखाद्या निवृत्त काकू हौसेने आलेल्या. कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या लिपिचिन्हांना, सगळेच घाबरतात, पण वाक्यरचना सुरू झाली की वर्ग एकदम मोकळा होतो. मी फळ्यावर लिहिते, 'त्सुकुए नो उए नी होन गा आरु', आणि त्याखाली 'टेबलाच्या वर पुस्तक आहे'. त्सुकुए म्हणजे टेबल, नो म्हणजे च्या, उए म्हणजे वर, होन म्हणजे पुस्तक, आरु म्हणजे आहे. 'नी' आणि 'गा' हे दोन छोटे प्रत्यय सोडले तर शब्दाखाली शब्द बसतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंसुद्धा सांगतात, मॅम, मराठीतून विचार केला की सोपं जातं.

एवढ्यावर भागत नाही. 'ताबेते मिरु' घ्या. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणे. आपलं 'खाऊन बघणे'! डोळ्यांनी बघायचा संबंध नाही, दोन्हीकडे अर्थ 'एकदा करून पाहणे' असाच. 'ताबेते शिमात्ता' म्हणजे 'खाऊन टाकलं', आणि त्यातली ती 'संपवलं बाई एकदाचं' किंवा 'अरे, खाल्लं की चुकून' ही छटाही तशीच.

मागच्या आठवड्यात एका मुलाने विचारलं की जपानीचं संस्कृतशी नातं नाही, द्रविड भाषांशीही नाही, मग हे आलं कुठून? दुसरा म्हणाला, सगळ्या भाषा आतून एकच असतात, मेंदूत साचा असतो, अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने सिद्ध केलंय. तिसरी मुलगी फ्रेंचही शिकते. ती म्हणाली, मग फ्रेंचमध्ये 'वर' आधी आणि टेबल नंतर का?

मी वाचून सांगते म्हटलं. वाचायला बसले आणि जितकं वाचलं तितका गोंधळ वाढला. एक जण म्हणतो वैश्विक व्याकरण, म्हणजे सगळ्या भाषांमागचा तो जन्मजात साचा, आहेच, दुसरा म्हणतो ती दंतकथा आहे. म्हणून इथे विचारते. जगातल्या प्रत्येक भाषेत, एकही अपवाद न ठेवता, असं काही आढळतं का? आणि आमच्या फळ्यावरचं साम्य हा त्याचा पुरावा आहे की त्याचं कारण वेगळंच आहे? वर्गात मला खरं तेच सांगायचंय.

पूर्णविराम (ठाणे)

तुमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो.

मूल तीन-चार वर्षांचं होईतो कधी न ऐकलेली वाक्यं बिनचूक बोलायला लागतं. त्याला कोणी कर्ता-कर्म-क्रियापद शिकवलेलं नसतं. हे कोणत्याही देशात, कोणत्याही भाषेत होतं. चॉम्स्कींचा मूळ मुद्दा हा, आणि मला तो आजही बिनतोड वाटतो: भाषेची काही घडण आपण जन्मतःच घेऊन येतो. 2002मध्ये हाउझर, चॉम्स्की आणि फिच यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं की माणसाच्या भाषेचं खास अंग शोधायचंच तर ते बहुधा रचनेच्या पोटात तशीच रचना बसवण्याची ताकद हे असेल. 'शेजारच्या काकूंच्या भावाच्या मुलाच्या लग्नात.' लांबवावं तेवढं लांबतं. जपानीत 'नो' लावत गेलं की हेच होतं ना?

फ्रेंच उलटी आहे त्याचं उत्तरही या विचारात आहे. तत्त्व एकच, फक्त कळ (स्विच म्हणा) डावीकडे की उजवीकडे हे मूल आजूबाजूचं ऐकून ठरवतं. मराठी आणि जपानीत कळ एका बाजूला, फ्रेंचमध्ये दुसऱ्या.

मेळघाटकर (अमरावती)

उगवतीताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सगळ्या भाषांत सारखं काय, हा एक. मराठी आणि जपानी सारख्या का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मिळालं म्हणून पहिल्याचं मिळत नाही.

माझी पार्श्वभूमी सांगतो. मी धारणीच्या बाजूला आश्रमशाळेत शिकवायला होतो. वर्गात जवळजवळ सगळी कोरकू मुलं. पुढे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान केलं, ते या मुलांमुळे. पुस्तकात वाक्य होतं, 'आपण नदीवर जाऊ.' एका मुलाने विचारलं, गुरुजी, दोघं की सगळे? मला प्रश्नच कळेना. नंतर उमगलं की त्याच्या घरच्या भाषेत 'आपण' एकच नाही. 'तू आणि मी' याला एक शब्द, 'मी आणि तो, तू नाही' याला दुसरा, 'तुझ्यासकट आपण सगळे' याला तिसरा, 'तुला सोडून आम्ही सगळे' याला चौथा. मराठीत यातले दोन आहेत, आपण आणि आम्ही. हिंदीत एकच, हम. कोरकू ही मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाली-मुंडारीची नातेवाईक, आणि तिच्यात द्विवचन जिवंत आहे. आपल्याकडे ते संस्कृतबरोबर राहिलं, मराठीत आलं नाही.

आता गंमत बघा. द्विवचन असलेल्या भाषा जगात पुष्कळ आहेत: अरबी, स्लोव्हेनियन, संथाली. अनेकवचन आहे पण द्विवचन नाही अशा तर ढिगाने. पण द्विवचन आहे आणि अनेकवचन मात्र नाही, अशी भाषा? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963मध्ये 30 भाषा शेजारी-शेजारी मांडून 45 विधानं प्रसिद्ध केली, त्यातलं एक हेच: द्विवचन असेल तर अनेकवचन असतंच. त्या 30 भाषांत हिंदी, कन्नड आणि तुमची जपानीही होती. मराठी नव्हती.

मला ग्रीनबर्ग यांची वाट पटली ती याचसाठी. 'प्रत्येक भाषेत अमुक असतंच' असं म्हणायला गेलं की कुठून ना कुठून एखादी भाषा आडवी येते. ब्राझीलमध्ये माइसी नदीकाठी पिराहा नावाची भाषा आहे, बोलणारे काही शे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डॅनियल एव्हरेट तिथे बरीच वर्षं राहिले. 2005मध्ये त्यांनी लिहिलं की या भाषेत संख्यावाचक शब्द नाहीत, व्याकरणात वचनच नाही, आणि पूर्णविराम म्हणतात ती वाक्यात वाक्य बसवण्याची सोयही नाही. 'काकूंच्या भावाच्या मुलाच्या' असं एका दमात म्हणता येत नाही, तुकडे करून सांगावं लागतं. 2009मध्ये नेव्हिन्स, पेसेत्स्की आणि रॉड्रिग्ज यांनी एव्हरेट यांचीच जुनी माहिती काढून उलट बाजू मांडली. तो वाद मिटलेला नाही, म्हणून 'सिद्ध केलंय' हा शब्द तुमच्या विद्यार्थ्याने वापरू नये असं मला वाटतं, आणि 'मोडीत निघालं' असंही कोणी म्हणू नये. त्याच 2009 साली निकोलस इव्हान्स आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी एकेक दावा घेऊन दाखवलं की निरपवाद असं हाताला फार थोडं लागतं, आणि जे लागतं ते फार ढोबळ असतं. प्रश्न विचारता येतो, नाही म्हणता येतं, बोलणारा आणि ऐकणारा वेगळे दाखवता येतात. एवढ्यावर वर्गात तास निघणार नाही.

'हे असेल तर ते असतं' या जातीच्या विधानांत मात्र खरा माल आहे. तुमचा फळा तिथेच येतो.

क्रियापद कर्मानंतर येतं (आंबा खाल्ला), त्या भाषांत 'वर, खाली, आत' हे नामाच्या मागून येतात. क्रियापद कर्माच्या आधी येतं, तिथे ते नामाच्या आधी लागतात. मॅथ्यू ड्रायर यांनी जगभरच्या हजारावर भाषांचा नकाशा केला. पहिल्या जोडीच्या भाषा साडेचारशेच्या वर, दुसऱ्या जोडीच्याही तितक्याच. क्रियापद शेवटी आणि 'वर' मात्र नामाच्या आधी, अशा अवघ्या 14. त्यातली एक आपल्या ओळखीची आहे, फारसी. क्रियापद शेवटी, पण 'टेबलावर' म्हणायला 'रू-ए-मीज', म्हणजे आधी वर, मग मेज. तेव्हा हा कायदा नाही. पण इतका जबरदस्त कल योगायोगाने होत नाही.

का होतो, याचं मला सगळ्यात पटलेलं कारण तुमच्याच वाक्यात आहे. 'त्सुकुए नो उए' मधला 'उए' हे जपानीत अजून नामच आहे ना? 'टेबलाचा वरचा भाग' असं ते मुळात आहे. मराठीत 'घराच्या पाठीमागे' म्हणा. पाठ तिथे स्पष्ट दिसते. घराची पाठ, तिच्या मागे. पाठ या अवयवाच्या नावावरून 'मागे' तयार होणं आफ्रिकेतल्या कित्येक भाषांतही झालंय. म्हणजे शब्दयोगी अव्यय आकाशातून पडत नाही, षष्ठीच्या जोडीतलं दुसरं नाम झिजून झिजून ते होतं. ज्या भाषेत 'घराची' आधी आणि 'पाठ' नंतर, तिथे ते आपसूक मागे लागणार. जिथे 'पाठ घराची' असा क्रम, तिथे पुढे लागणार. इंग्रजीत 'ऑन टॉप ऑफ द टेबल' आरशात बघावं तसं उलटं दिसतं ते यामुळे. यासाठी मेंदूत तयार कळ असायची गरज नाही, भाषा वापरता वापरता ती वाट पडते. पूर्णविराम, तुमचा कळीचा विचार मी टाकाऊ मानत नाही. पण फारसी कळ अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवून हजार-दीड हजार वर्षं सुखाने नांदते आहे, त्याचं उत्तर त्या विचाराला द्यावं लागेल.

एक सावधगिरी. 'लाल पुस्तक' आणि 'आकाई होन', विशेषण आधी, हे साम्यही मुलं दाखवतील. ते या साखळीत धरू नका. ड्रायर यांनी 1992मध्ये दाखवलं की विशेषणाच्या जागेचा क्रियापदाच्या जागेशी संबंध लागत नाही.

आता 'खाऊन बघ'. इथे मी वैश्विकतेचं नाव अजिबात घेणार नाही. कन्नडमध्ये 'तिंदु नोडु', तमिळ-तेलुगूत तसंच, कोरियनमध्ये 'मगो बोदा', तिथेही खाऊन आणि बघणे. फ्रेंचमध्ये नाही, अरबीत नाही, स्वाहिलीत नाही. कॉलिन मसिका यांनी 1976मध्ये भारतीय भाषांची अशी लक्षणं नकाशावर आखली: खाऊन-जाऊन ही रूपं, खाऊन टाक-देऊन टाक अशी जोडक्रियापदं, 'मला भूक लागली' सारखी वाक्यं. रेषा भारतात थांबायला हव्या होत्या. त्यातल्या बऱ्याच मध्य आशियातून पार कोरिया-जपानपर्यंत गेल्या. म्हणजे हा एक प्रचंड भूभाग आहे, त्यात भाषा वेगवेगळ्या कुळांतल्या, पण शेकडो वर्षं एकमेकींच्या शेजाराने राहिलेल्या. कोणी कोणाकडून काय उचललं हे प्रत्येक बाबतीत सांगता येत नाही, पण शेजार काय करू शकतो हे बघायला लांब जायला नको. सांगलीजवळच्या कुपवाडात गम्पर्झ आणि विल्सन यांनी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यांचा अभ्यास केला, 1971मध्ये तो छापून आला. शब्द चार भाषांचे, वाक्याची बांधणी जवळजवळ एकच. कन्नडमध्ये एरवी 'हे तुमचं घर' एवढ्यावर वाक्य संपतं, कुपवाडच्या कन्नडने शेवटी मराठीसारखं 'आहे' घेतलं होतं.

म्हणून मराठी-कन्नड-जपानी सारख्या आहेत यावरून जगातल्या सगळ्या भाषांबद्दल अनुमान काढू नये. शेजारी सारखे असतात. वैश्विक म्हणायचं तर जिथे शेजार नाही, नातं नाही, तिथे तेच सापडायला हवं.

खुणांची_शाळा (नाशिक)

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. वरची सगळी चर्चा आवडली, पण 'सगळ्या भाषा' म्हणताना आवाज नसलेल्या भाषा कोणी मोजत नाही, ते नेहमी मनाला लागतं. सांकेतिक भाषा म्हणजे हावभाव नव्हेत. विल्यम स्टोकी यांनी 1960मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचं पृथक्करण करून दाखवलं की तिच्यात हाताचा आकार, जागा आणि हालचाल हे घटक ध्वनींचं काम करतात. एवढं एक मान्य केलं तरी 'प्रत्येक भाषेत स्वर आणि व्यंजनं असतात' हे विधान गळून पडतं.

आमच्या भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीचं नाही, इंग्रजीचंही नाही. प्रश्नाची खूण वाक्याच्या अगदी शेवटी येते. 'तुझं नाव काय' मध्ये 'काय' शेवटी येतंच, पण 'कुठे राहतोस' यातही जागेची आणि प्रश्नाची खूण शेवटी. आणि कोण, कुठे, कधी यांना वेगवेगळ्या खुणा हव्यातच असं नाही. एक प्रश्नखूण आहे, तिला व्यक्तीची जोड दिली की कोण, जागेची दिली की कुठे, वेळेची दिली की कधी. नवीन शिक्षिका आली की ती मराठी वाक्य शब्दाशब्दाने हातांवर करते आणि मुलं तिच्याकडे नुसती बघत राहतात. भिंतीकडे नाही, तिच्याकडे, अतिशय सहनशीलपणे. तिसरीतली एक मुलगी मग उठून नव्या बाईंचे हात धरून खूण शेवटी करायला लावते.

मेळघाटकर सर, तुमची 'शेजार नाही, नातं नाही' ही अट पुरी करणारं उदाहरण आमच्याकडे आहे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात अल-सय्यद नावाचं बेदूइन गाव आहे. तिथे बहिरेपण आनुवंशिक आहे, आणि गावाने दोन-तीन पिढ्यांत स्वतःची सांकेतिक भाषा घडवली. वेंडी सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005मध्ये दाखवलं की या भाषेत क्रिया शेवटी येते: कर्ता, कर्म, क्रियापद. गावाची बोली अरबी, आजूबाजूला हिब्रू, दोन्हींत क्रम असा नाही. मग तो आला कुठून?

दुसरं, 2008चा सुझन गोल्डिन-मेडो यांचा प्रयोग. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्या माणसांना सांगितलं, तोंडाने न बोलता हातांनी ही घटना दाखवा. चौघांपैकी फक्त तुर्कीत क्रियापद शेवटी असतं. पण हातांनी दाखवताना सगळ्यांनीच आधी करणारा, मग वस्तू, मग क्रिया असंच दाखवलं.

उगवती

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पूर्णविराम, हो, 'नो' ची माळ लावता येते, 'तोनारी नो ओबासान नो ओतोतो नो'.

मेळघाटकर सर, 'उए' नामच आहे, आम्ही 'उए गा इइ' असं स्वतंत्रही वापरतो. इतकी वर्षं मी मुलांना 'उए म्हणजे वर' एवढंच पाठ करायला देत होते, आता ते 'वरचा भाग' म्हणून शिकवीन.

एक मागते. 'असेल तर असतं' या जातीचं एखादं उदाहरण असं द्या की जे मुलं स्वतःच्या मराठीत, वर्गात बसल्याबसल्या तपासतील. इंजिनिअरिंगची मुलं आहेत, हाताने तपासल्याशिवाय त्यांना पटत नाही. आणि खुणांची_शाळा ताई, तो हातांचा प्रयोग आम्ही वर्गात करू शकतो का?

खुणांची_शाळा

जरूर करा. फक्त आधी सांगू नका की काय बघताय. चित्र दाखवा, मुलगी खोकं ढकलते आहे, आणि म्हणा की शेजारच्याला हातांनी कळवा. पण तुमचा वर्ग मराठी आहे, ते क्रिया शेवटी दाखवतील तर मराठीमुळे की स्वभावतः, हे कळणार नाही. ती फ्रेंच शिकणारी मुलगी आहे ना, तिच्या वर्गात फ्रेंच घरी बोलणारं कोणी असेल तर त्यांच्यावर करा.

मेळघाटकर

ताई, अल-सय्यदचं उदाहरण चपखल आहे. त्याच भाषेबद्दल आणखी एक: इतर बहुतेक सांकेतिक भाषांत 'देणे'ची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. सगळ्यांना वाटत होतं हे सांकेतिक भाषांत असायचंच. अल-सय्यदच्या पहिल्या पिढ्यांत ते आढळलं नाही. एकाच गावाने एका दाव्याला बळ दिलं आणि दुसऱ्याला तडा.

उगवतीताई, तुमच्या मुलांसाठी हे घ्या. फळ्यावर लिहा:

रामाने आंबा खाल्ला. तिने आंबा खाल्ला. मी आंबा खाल्ला. तू आंबा खाल्लास.

विचारा, 'ने' कुठे गेला? 'मीने' नाही, 'तूने' नाही, 'आम्हीने' नाही. काही जण म्हणतील की मी आणि तू असताना वाक्य कर्तरी होतं. लगेच आंबा बदला. मी चिंच खाल्ली, मी केळं खाल्लं. क्रियापद अजून कर्माच्याच मागे चाललंय, वाक्य पक्कं कर्मणी आहे, फक्त कर्त्यावरची खूण तेवढी गेली. 'तू चिंच खाल्लीस' तर बारकाईने बघण्यासारखं आहे: 'ली' चिंचेची, 'स' तुझा. एका क्रियापदावर दोघांच्या सह्या.

आता ऑस्ट्रेलियात जा. क्वीन्सलंडमध्ये डिरबल नावाची भाषा होती, आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी 1972मध्ये तिचं व्याकरण लिहिलं. मराठीशी नातं शून्य, शेजार शून्य. तिथेही नामांना 'ने' सारखी खूण लागते, मी आणि तू यांना लागत नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी 1976मध्ये अशा भाषा एकत्र मांडून एक उतरंड सुचवली: मी-तू सगळ्यात वर, मग तो-ती, मग माणसांची नावं, मग प्राणी, मग निर्जीव वस्तू. 'ने' जातीची खूण खालून वर चढत येते आणि कुठल्या तरी पायरीवर थांबते. वरच्या पायरीवर आहे आणि खालच्या पायरीवर नाही, असं सहसा होत नाही. मराठीत ती 'तो'पर्यंत चढली आणि 'तू'च्या दारात थांबली. पंजाबीतही तेच. मुलांना सांगा, 'मीने खाल्ला पण राम खाल्ला' अशी मराठी कल्पून बघा.

कारणही पटण्यासारखं आहे. बोलणारा आणि ऐकणारा हे करणारे असणार हे गृहीतच असतं, वेगळं दाखवायची निकड कमी. दगडाने काच फोडली म्हणायचं तर करणारा दगड आहे हे ठळक करावं लागतं.

मांडवीकाठ (पणजी)

मेळघाटकर, पण आमच्या कोंकणीत 'मी'लाही खूण लागते. हांव म्हणजे मी, पण आंबा खाल्ला म्हणताना 'हांवें आंबो खालो'. 'तुवें', 'ताणें' सगळ्यांना. कोंकणी आणि मराठी तर अगदी जवळच्या. मग उतरंड मोडली का?

मेळघाटकर

मोडली नाही, उलट हेच तपासायचं असतं. कोंकणीत खूण सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत पोचली, खालच्या पायऱ्या तिने सोडलेल्या नाहीत. 'हांवें' आहे आणि 'ताणें' नाही असं असतं तर मोडली म्हटलं असतं. हिंदीही तुमच्याच बाजूची, मैंने, तूने, उसने. आणि मराठीतही 'मी' कायमचा असाच नव्हता. ज्ञानेश्वरांच्या मराठीत 'मियां' आहे, आणि आमच्या गावाकडची जुनी माणसं 'म्या केलं' म्हणतात ते त्याचंच रूप. तिथून खूण एक पायरी खाली सरकली. कोंकणी वरच राहिली. दोन बहिणी वेगळ्या पायऱ्यांवर थांबल्या, पण जिना एकच.

तरीही उगवतीताई, वर्गात हे शेवटचं म्हणून सांगू नका. 2015मध्ये बाल्थासार बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शेकडो विभक्तिव्यवस्था मोजल्या. त्यांना ही उतरंड सगळ्या जगात सारख्या जोराने आढळली नाही. काही भूभागांत ती दाटून दिसते, बाकी ठिकाणी विरळ. म्हणजे जी गोष्ट आपण वैश्विक समजत होतो तिच्यातही शेजाराचा हात असू शकतो. मला ही उतरंड खरी वाटते, कारण मराठी आणि डिरबल एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत. पण बिकेल यांचे आकडे बाजूला सारून ते म्हणता येणार नाही.

पूर्णविराम

फारसीचा मुद्दा मान्य. पिराहाचा नाही, तिथे माझं मत नेव्हिन्स यांच्याकडे झुकतं. एका संशोधकाच्या वर्णनावर एवढी मोठी इमारत पाडू नये. आणि एखाद्या भाषेत ती रचना वापरली जात नसली तरी त्या भाषेतलं मूल पोर्तुगीज शिकलं की वापरेलच ना? क्षमता माणसात आहे, ती प्रत्येक भाषेने खर्च केलीच पाहिजे असं नाही.

मेळघाटकर

हे म्हणणं मला मान्य आहे. आमची कोरकू मुलं मराठीतल्या 'ज्याने-त्याने' वाक्यांत वर्षभर अडखळायची आणि मग एके दिवशी सरळ बोलायला लागायची. पण मग दावा भाषांबद्दलचा राहत नाही, माणसाबद्दलचा होतो. उगवतीताईंनी भाषांबद्दल विचारलंय.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला, एकही अपवाद नको या अटीवर, मला माहीत असलेलं सगळ्यात जवळचं उत्तर व्याकरणात नाही, संभाषणात आहे. समोरच्याचं ऐकू आलं नाही तर आपण 'अं?' म्हणतो. मार्क डिंगमान्से, फ्रान्सिस्को तोरैरा आणि निक एन्फिल्ड यांनी 2013मध्ये 31 भाषांतून हा उद्गार गोळा केला, त्यातल्या 10 भाषांचं खरं घरगुती बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. सगळीकडे एक छोटा स्वर, तोंड फारसं न हलवता काढलेला, सुराने प्रश्न विचारणारा. आणि तो नुसता हुंकार नाही, मुलांना तो शिकावा लागतो, प्रत्येक भाषेत त्याचा स्वर आणि सूर थोडा त्या भाषेच्या वळणाचा असतो. 2009मध्ये तान्या स्टिव्हर्स यांच्या गटाने 10 भाषांत प्रश्न आणि उत्तर यांतला वेळ मोजला. सरासरी साधारण 200 मिलिसेकंद. भाषेभाषेत फरक होता, आणि सगळ्यात चटकन उत्तर देणारे निघाले तुमचे जपानी.

उगवती

जपानीत 'ए?' म्हणतात, सूर वर नेऊन. माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच ते उचलतात, कोणी शिकवत नाही. आणि उत्तराच्या वेगाचं अगदी खरं आहे. जपानी पाहुणे वर्गात आले की आपली मुलं वाक्य पूर्ण करायच्या आत त्यांचं 'हाइ' आलेलं असतं, मुलांना वाटतं आपण चुकलो.

शनिवारी फळ्यावर रामाने-तिने-मी-तू लिहिते आणि त्याखाली कोंकणीची ओळ. मांडवीकाठ, 'त्यांनी' आणि 'आम्ही' यांची कोंकणी रूपंही द्याल का? वर्गात मडगावचा एक मुलगा आहे, पण तो म्हणतो घरी बोलतो तसं लिहायला जमत नाही.

मांडवीकाठ

आमीं, तुमीं, तांणीं. लिहिताना शेवटचा अनुस्वार सोडू नका, 'आमी' हा कर्ता आणि 'आमीं' हा खूण लागलेला. त्या मुलाला मोठ्याने म्हणायला लावा, त्याच्या नाकात तो आपोआप येईल.